गिटारवर राग वाजत नाही?

गिटारवर धुना वाजतील, एखादा राग ओळखू येईल इतपत सुरावट वाजेल, पण राग वाजणार नाही, असे मत आपल्याकडील जाणकारांत रूढ आहे. ते रागसंगीताच्या विरोधकांचे मत नाही. ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने गाणे ऐकले, शिकले आणि शिकवले, त्यांचेच ते आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे. अडाण्याचे चुकीचे मत वाऱ्यावर सोडता येते. जाणकाराचे चुकीचे मत पुढच्या पिढीच्या तालमीत शिरते. गिटार वाजवणारा मुलगा राग शिकायला गेला की त्याला आधी ते वाद्य बाजूला ठेवायला सांगितले जाते, ते याच मतापायी.

पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. तो लेचापेचा करून पाडण्यात काही अर्थ नाही.

राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे जायचे, कोणत्या स्वरावर किती थांबायचे, गांधार कोणत्या उंचीवर ठेवायचा आणि त्याला कोणाचा कण द्यायचा, यांतून राग उभा राहतो. गिटारच्या मानेवर मात्र धातूचे पडदे कायमचे बसवलेले असतात आणि ते सप्तकाचे बारा समान भाग करतात. सप्तकाचे 1200 सेंट मानले तर गिटारचा शुद्ध गांधार 400 सेंटवर येतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार 386 वर असतो. म्हणजे गिटारचा गांधार 14 सेंट चढा. कोमल गांधार 316 वर हवा, तो 300 वर येतो. म्हणजे 16 सेंट उतरलेला. सतारीचा पडदा सरकवता येतो, गिटारचा येत नाही. शिवाय गिटारची रचना आणि तिच्या तारांची जुळणी कॉर्डसाठी झाली आहे. तिला जवारी नाही, तरफा नाहीत. आणि ज्यांनी तिच्यावर राग वाजवून दाखवले त्यांनी ती इतकी बदलली की शेवटी तिला वीणा म्हणावे लागले. मग हे यश गिटारचे कसे?

यातली बरीचशी विधाने सुटी घेतली तर खरी आहेत. निष्कर्ष खोटा आहे. तो कसा खोटा ठरतो, हे दाखवतो. निवाडा वाचकांनी करावा.

पहिला प्रश्न असा की आपण कोणत्या गिटारबद्दल बोलत आहोत? आपल्याकडे वादक ‘स्पॅनिश’ आणि ‘हवाईयन’ असा भेद गेली कित्येक दशके करत आले आहेत, तो उगाच नाही. स्पॅनिश गिटार छातीशी धरतात आणि बोटाने तार पडद्यावर दाबतात. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात, वरच्या टोकाची पट्टी उंच करून तारा पडद्यांपासून वर उचलतात आणि डाव्या हातातला पोलादी तुकडा तारेवरून फिरवतात. तार पडद्याला टेकतच नाही. पडदे खाली असतात ते नजरेला खूण म्हणून. ते घासून काढून टाकले तरी आवाजात फरक पडणार नाही. गिटारवरच्या रागवादनाची भारतातली मुख्य परंपरा याच दुसऱ्या प्रकारची आहे. मग पडद्यांचा आक्षेप तिला लागू होतोच कसा?

हे डोळ्यांसमोर आणण्यासाठी थोडे मोजमाप करू. गिटारची तार साधारण 65 सेंटिमीटर लांब धरा आणि ती षड्जात लावा. 386 सेंटचा गांधार वाजवायचा तर वाजणारी लांबी 52 सेंटिमीटर राहिली पाहिजे. म्हणजे पोलादी तुकडा वरच्या टोकापासून बरोबर 13 सेंटिमीटरवर आला पाहिजे. पडदा मात्र 13.4 सेंटिमीटरवर आहे. फरक सुमारे 4 मिलिमीटरचा. कोमल गांधाराला तुकडा 10.8 सेंटिमीटरवर हवा, पडदा 10.3 वर आहे. इथे सुमारे 5 मिलिमीटर, आणि उलट दिशेने. ज्या अंतरावर आक्षेपाचा सगळा इमला उभा आहे ते हे अंतर. वादकाचे मनगट ते सहज कापते, कारण त्याला अडवणारे तिथे काहीच नाही. चूक झालीच तर ती कानाची असेल, वाद्याची नसेल. सारंगी, व्हायोलिन आणि सरोद यांच्या वादकांवरही हीच जबाबदारी असते, आणि त्या वाद्यांना आपण रागाला अपात्र म्हणत नाही.

गिटारवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, येत नाही हा आक्षेप तर याहून विचित्र आहे. अखंड तारेवरून गुळगुळीत पोलाद फिरवण्याच्या या तंत्रात दोन स्वरांमधली एकही जागा सुटत नाही. सतारीवर तार आडवी ओढून एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड घेता येते, आणि तेवढ्यासाठी वर्षानुवर्षे बोटे कापून घ्यावी लागतात. सरोदवर मींड घसीटेने येते, पण कातड्यावर उभ्या असलेल्या त्या वाद्याची आस लवकर विरते. लाकडी तबलीच्या गिटारवर पोलादाखालची तार बराच वेळ बोलत राहते. आस टिकली की मींड लांबते. विलंबित आलापीत गळ्याच्या जवळ जाणारे वाद्य हवे असेल, तर हा गुण मामुली म्हणता येईल काय?

1967 साली निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका बहुतेक रसिकांच्या घरी कधी ना कधी वाजली आहे. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पं. हरिप्रसाद चौरासिया यांची बासरी, पं. ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. अहिर भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी असे राग तिच्यात आहेत. ती आता पुन्हा ऐका, पण एका वेगळ्या प्रश्नासाठी. या तीन वाद्यांपैकी मींड कोणाला मुळीच घेता येत नाही? संतुराला. त्याचा प्रत्येक स्वर तारांच्या ठरलेल्या संचाला बांधलेला आहे. 1955 मध्ये शिवकुमारांनी मुंबईच्या मैफलीत संतूर आणले तेव्हा हा आक्षेप घेतला गेला, आणि तो वस्तुस्थितीला धरून होता. त्यांनी कलमांनी तारांवर स्वर लांबवण्याची युक्ती काढली, बाज घडवला आणि आपण संतूर मान्य केले. योग्यच केले. पण मग त्याच ध्वनिमुद्रिकेत शेजारी बसलेली, जिच्यात मींडेवाचून दुसरे काही सहज निघतच नाही, ती गिटार ‘मींड नाही’ म्हणून नाकारायची, हा न्याय कुठला?

काबरा (1937-2018) मूळचे जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. हे शिष्यत्व महत्त्वाचे आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी त्यांच्यासमोरची खरी अडचण काय होती ते पाहू, कारण आक्षेपकांनी ती नेमकी उलटी पाहिली आहे. या गिटारवर मींड घेणे अवघड नाही. मींड न घेणे अवघड आहे.

भूप, देशकार आणि शुद्ध कल्याण हे तीन राग घ्या. भूप आणि देशकार दोन्ही मध्यम-निषाद वर्ज्य करणारे, त्याच पाच स्वरांचे. भूप पूर्वांगाचा, गांधारावर विसावणारा. त्यात षड्जावरून धैवतावर आणि पंचमावरून गांधारावर मींडेने येणे शोभते. देशकार उत्तरांगाचा, धैवताचा. त्याचे स्वर खडे लागले पाहिजेत, धैवत एकदम आणि ठाम उभा राहिला पाहिजे. आता पोलादी तुकडा तारेवर ठेवलेला वादक देशकार वाजवू लागला, आणि पंचमावरून धैवतावर जाताना त्याने तुकडा नुसता सरकवला, तर काय होईल? धैवत खालून रेंगाळत वर येईल, आणि दोन-चार आवर्तनांत देशकाराचा भूप होईल. हे टाळायचे तर जागा बदलताना तार क्षणभर गप्प करावी लागते, तुकड्यामागची बोटे तारेवर टेकवून नको तो आवाज दाबावा लागतो, आणि तुकडा नेमक्या जागी पोहोचल्यावरच उजव्या हाताच्या नखीने आघात करावा लागतो. आधी जागा, मग आघात. उलटे झाले की राग गेला.

शुद्ध कल्याणात याच्या अगदी उलट कसब लागते. तिथे आरोह भूपाचा, पण अवरोहात तीव्र मध्यम आणि निषाद मींडेच्या पोटात दडून यायचे असतात. पंचमावरून गांधाराकडे उतरताना मध्यम उच्चारायचा नाही, पण त्याचा भास राहिला पाहिजे. पोलादी तुकड्याला हे विलक्षण साधते. त्या जागेवर तो किंचित मंदावला की मध्यमाची छाया पडते, वेग कायम राहिला की पडत नाही. म्हणजे तारेच्या तेवढ्याच टप्प्यावर, मनगटाच्या गतीत एवढासा फरक केला की भूप आणि शुद्ध कल्याण वेगळे होतात. पेटीवर हे शक्य नाही. संतुरावर नाही. ज्या वाद्यावर हे होते त्याला राग कळत नाही असे म्हणणारा माणूस त्या वाद्यावर काय चालले आहे हे ऐकतच नाही, असे मला नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणावे लागते.

तानेचा प्रश्न मात्र खरा आहे. सतारीचे कृंतन, जमजमा, एका आघातात तीन-चार स्वर सोडण्याची ती चमक या गिटारवर तशीच्या तशी येत नाही. पोलादाचा तुकडा एका वेळी एकाच जागी असतो. तिन्ही सप्तकांतली सपाट तान घ्यायची तर तारा बदलत, अंगठा आणि दोन बोटांतल्या नख्यांचे आघात एकमेकांत गुंफत जावे लागते. काबरांनी आलापीवर भर दिला. त्यांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य आणि रविशंकरांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांनी तानेचा आणि झाल्याचा प्रश्न पुढे नेला. भट्टांचा द्रुत ऐकताना तो सुटलेला दिसतो. कोणाला त्यांची तयारी आलापीपेक्षा जास्त पुढे येते असे वाटेल. मलाही काही वेळा तसे वाटते. पण ती चर्चा गायकी आणि तंतकारी यांच्या प्रमाणाची झाली. तशीच चर्चा आपण विलायत खाँ आणि निखिल बॅनर्जी यांच्याबद्दल करतो, आणि त्यामुळे सतार बाद होत नाही.

आता श्रुतींकडे. आक्षेपक 386 आणि 400 हे आकडे पुढे करतात तेव्हा रागाचा गांधार म्हणजे एक नेमका, अचल बिंदू असे गृहीत धरतात. या गृहीताचा महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाचा आधार घेतला, आणि ई. क्लेमेंट्स या न्यायाधीशांनी श्रुतींची पेटी पुढे आणली. भातखंड्यांना तो मार्ग पटला नाही. त्यांनी आपली सगळी रागव्यवस्था बारा स्वरांवर बांधली. त्या वादात मी पडत नाही. पुढे प्रत्यक्ष मोजमापे झाली, त्यांच्याकडे मात्र पाहिले पाहिजे. 1963 मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी नामवंत वादकांचे गांधार यंत्राने मोजले. शुद्ध गांधार कलाकारागणिक बदलत होता, इतकेच नव्हे, एकाच कलाकाराच्या एकाच रागातही तो स्थिर नव्हता. मार्क लेव्ही यांच्या 1982 च्या अभ्यासातही स्वर असेच हलते आढळले.

याचा अर्थ कसाही स्वर लावला तरी चालतो असा कोणी काढू नये. दरबारीच्या गांधाराचेच पाहा. तो उतरलेला आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आंदोलित आहे. त्याला एकच जागा नाही, हालचाल आहे, आणि ती हालचाल कुठून सुरू होऊन कुठे वळते यात दरबारी आहे. तो बिंदूने मोजायला गेलात तर हाताला काहीच लागणार नाही. म्हणून वाद्याला विचारायचा प्रश्न ‘तुझा गांधार किती सेंटवर आहे’ असा नसतो. ‘तुझ्यावर गांधार हलवता येतो काय, आणि हवा तिथे स्थिर ठेवता येतो काय’ असा असतो. पोलादी तुकड्याच्या गिटारचे दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘होय’ आहे.

इथवर मी हवाईयन गिटारबद्दल बोललो. प्रतिपक्ष म्हणेल, ठीक आहे, पण पडद्यांच्या स्पॅनिश गिटारचे काय? तिच्यावर तरी आमचा आक्षेप टिकतो ना?

अर्धाच टिकतो. पडदा कायमचा बसवलेला आहे म्हणून गमक अशक्य, हे म्हणणे दक्षिणेत जाऊन कोणालाही सांगून पाहा. सरस्वती वीणेवर 24 पडदे मेणात पक्के बसवलेले असतात, सप्तकाला बारा. आणि कर्नाटक संगीतातल्या गमकांचे आदर्श वाद्य कोणते? तीच वीणा. तिथे गमक पडद्यावर नसते, पडद्यावरून ओढलेल्या तारेत असते. त्यावर कोणी म्हणेल की वीणेचे पडदे कानाने लावलेले असतात, गिटारचे कारखान्यात. मान्य. म्हणून थेट कारखान्यातल्या पडद्यांचे उदाहरण घेऊ. यू. श्रीनिवास (1969-2014) यांनी पाच तारांच्या विजेच्या मँडोलिनवर, म्हणजे गिटारसारख्याच ठोकलेल्या पडद्यांवर आणि गिटारपेक्षा आखूड, म्हणून ओढायला अधिक अवघड तारांवर, लहान वयापासून पूर्ण कच्चेऱ्या केल्या. सुरुवातीला मद्रासमध्ये या वाद्यावर गमके येणार नाहीत असे म्हणणारे होतेच. पुढे ते कोणी म्हणेनासे झाले. आर. प्रसन्ना यांनी नेहमीच्या पडद्यांच्या गिटारवर कर्नाटक राग वाजवले. जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी आपल्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदासाठी पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट करून घेतलेली गिटार वापरली, म्हणजे बोट लाकडाला न अडता तार ओढू शकेल.

या आक्षेपाचा जो अर्धा भाग टिकतो तो मी लपवणार नाही. हिंदुस्थानी संगीतात स्वरावर दीर्घकाळ, निश्चल उभे राहावे लागते. भूपाचा गांधार स्पॅनिश गिटारवर असा उभा करायचा तर दोन वाटा आहेत. एक, पडद्यावरचा 14 सेंट चढा गांधार तंबोऱ्याशी झगडत ठेवायचा. हे कान असलेल्याला सहन होत नाही. दुसरी, एक पडदा मागे, कोमल गांधारावर बोट ठेवून, आवाज काढण्याआधीच तार 86 सेंट ओढून ठेवायची आणि मग आघात करायचा. हे करता येते. पण दर न्यासाला, तासभर, एकही सेंट न ढळता करणे हे असामान्य काम आहे. म्हणून नेहमीच्या पडद्यांची स्पॅनिश गिटार विलंबित ख्यालाच्या अंगाने जाणाऱ्या आलापीला अपुरी पडते, असे माझे मत आहे. पडदे काढून टाकलेली गिटार आहे, आणि तुर्कस्तानच्या तोल्गाहान चोउलू यांनी 2008 मध्ये सरकत्या पडद्यांची गिटारही केली आहे. ज्याला हाच मार्ग धरायचा त्याने तिकडे वळावे. पण ‘एका प्रकारची गिटार एका प्रकारच्या आलापीला अपुरी’ आणि ‘गिटारवर राग वाजत नाही’ ही दोन विधाने एकच आहेत काय?

हा आक्षेप मुळात आला कुठून, याचाही विचार केला पाहिजे. माझ्या मते तो पेटीकडून आला. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. तेव्हा दिलेली कारणे हीच होती: समान बारा भागांचे स्वर, मींड नाही, आंदोलन नाही. पेटीच्या बाबतीत ती खरी होती, आजही आहेत. तरीही गोविंदराव टेंब्यांपासून पं. तुळशीदास बोरकरांपर्यंत थोर कलावंतांनी तिच्यावर राग उभे केले, आणि आज ख्यालाच्या मैफलीत साथीला पेटी नसली तर लोक विचारतात की पेटीवाले कुठे राहिले. पेटीविरुद्धचे आरोपपत्र पेटीने गिळले, पण ते रद्द कोणी केले नाही. पुढे आलेल्या प्रत्येक पाश्चात्त्य वाद्यावर तेच लावले गेले, त्या वाद्याची घडण न पाहता. ज्या वाद्याला आंदोलन येत नाही ते मैफलीत मानाने बसले आहे, आणि ज्याला येते ते दारात उभे आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्यात भर पडली सिनेमाच्या गाण्यांची. गेल्या शतकाच्या मध्यावर व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांसारख्या वादकांच्या हवाईयन गिटारवरच्या चित्रपटधुनांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. त्या वादकांचा हात सुरेल होता. त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. पण एका पिढीच्या कानात गिटारचा स्वर आणि सिनेमाची धून यांची गाठ पक्की बसली. ती सवयीची गाठ आहे. वाद्याच्या कुवतीशी तिचा संबंध नाही.

कॉर्डचा आक्षेप फार काळ थांबण्याजोगा नाही. तारांची जुळणी म्हणजे वाद्य नव्हे. राग वाजवणारे गिटारच्या तारा षड्ज-पंचमाच्या अंगाने लावतात. शिवाय सरळ पोलादी तुकडा सर्व तारांवर एकाच रेषेत पडतो, त्यामुळे या गिटारवर तऱ्हेतऱ्हेच्या कॉर्ड घेणेच अवघड आहे. मूळ युरोपात व्हायोलिन वाद्यवृंदाचे वाद्य होते. दक्षिणेत ते बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून, म्हणजे दोन शतके, रागाचे वाद्य आहे. आपल्याकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, डी. के. दातार यांच्यानंतर त्याला परके कोण म्हणेल? जवारी नाही, हा आक्षेप तर घेणाऱ्याने घेण्याआधी सरोद ऐकावा. सरोदाला सतारीसारखी जवारी नाही. सारंगीला नाही, बासरीला नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत चतुर आक्षेप: गिटार बदलून वीणा केली, मग ती गिटार कुठे राहिली? काबरांनी केलेले बदल पाहा: तारा उंच केल्या, जुळणी बदलली, चिकारीची सोय केली. विश्वमोहन भट्टांनी तरफा चढवल्या, तारांची संख्या विसाच्या घरात नेली आणि मोहन वीणा हे नाव दिले. हे नाव राधिकामोहन मैत्रांनी त्याआधीच आपल्या एका वाद्याला दिले होते, तो गोंधळ वेगळा. पण बदल केला म्हणून मूळ वाद्याचे श्रेय काढून घ्यायचे, तर सतारीचे काय करायचे? तिच्या तरफा एकोणिसाव्या शतकातल्या. सरोदाची पोलादी पट्टीही त्याच शतकातली. त्याआधी रबाबाची मान लाकडी आणि तारा आतड्याच्या होत्या. प्रत्येक वाद्य आपल्या संगीतात असेच रुजले आहे. बदल करावा लागला, हे अपात्रतेचे लक्षण मानले तर आपल्या तंतुवाद्यांपैकी पात्र कोणते उरेल?

आता गिटारच्या काही मित्रांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण वाईट वकील पक्षाचे नुकसान करतो. पोलादी तुकड्याची ही कल्पना मूळ भारतीयच आहे, म्हणून गिटार आपलीच, असे ते म्हणतात. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे आणि डाव्या हाताने तारेवर फिरवायच्या कम्रिकेचे वर्णन आहे. विचित्र वीणा आणि दक्षिणेची चित्रवीणा याच जातीच्या. एवढे खरे. त्यावरून एवढेच सिद्ध होते की तारेवर काहीतरी फिरवून राग वाजवणे आपल्या परंपरेला शतकानुशतके मान्य आहे, आणि तेवढे आपल्याला पुरे आहे. हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याने गिटारवर पोलाद फिरवण्याचे तंत्र घडवले. 1940 च्या दशकात ताऊ मो याच्यासारखे हवाईयन वादक कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. हे तंत्र तिथून आले, हे मान्य करण्यात आपले काय जाते? तसेच ग्रॅमीचे. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994 साली ग्रॅमी मिळाले, याचा आनंदच आहे. पण ते पारितोषिक गिटारवर राग वाजतो याचा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा भट्टांच्या आलापात शोधावा.

आणि आता त्या शिष्यत्वाबद्दल. काबरांना गिटार शिकवणारा गुरू या परंपरेत नव्हता. अली अकबर खाँ सरोदिये. त्यांचे वडील बाबा अलाउद्दीन खाँ यांच्याकडे सरोद, सतार, बासरी, व्हायोलिन अशी निरनिराळी वाद्ये वाजवणारी माणसे शिकली. पन्नालाल घोष आणि वि. गो. जोगही त्यांत होते. हे शक्य झाले, कारण तालीम गाऊन दिली जाई. गुरू गायचा आणि शिष्य ते आपल्या वाद्यात उतरवायचा. राग कुठल्याही एका वाद्यात राहत नाही म्हणूनच तो इतक्या वाद्यांत जाऊ शकला. काबरांच्या गिटारला पडद्यांनी अडवले नाही, त्याचे कारण पोलादाच्या तुकड्याइतकेच या तालमीत आहे.

म्हणून महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या गुरुजनांना माझी विनंती आहे. गिटार घेऊन कोणी मुलगा किंवा मुलगी आपल्या दारात आली, तर तिच्या हातातले वाद्य बदलायला सांगू नका. तिला आधी तंबोऱ्यावर षड्ज लावायला लावा, भूप गायला शिकवा, मग देशकार. आणि ती गिटारवर तो धैवत खडा लावू शकते की नाही, ते आपल्या कानाने ऐकून ठरवा.